माहिती देणारा: भाऊ

सरकारी मोजणीने माझ्या बहिणीला फसवलं. अठ्ठावीस वर्षं तिने सुरतेत लिंबायतच्या एका खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवले, आणि सरकारच्या एकाही कागदावर ती काम करणारी बाई म्हणून नाही. तिच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर आहे: काही नाही. गेले दोन उन्हाळे मी हे भेटेल त्याला सांगत आलो. चहाच्या लारीवर सांगितलं, वॉर्ड ऑफिसात टेबलावर हात आपटून सांगितलं. एकदा एका रिक्षावाल्याला इतकं सांगितलं की त्याने डिंडोलीच्या अलीकडेच रिक्षा थांबवली आणि म्हणाला, काका, इथून चालत जा. माझा आवाज मोठा आहे. बाजारात याच आवाजावर मी पोट भरलं.

आता पुन्हा आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशातली माणसं आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे हा सण दिवाळीच्या वर. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमरस आणि खापरावरचे मांडे. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. त्यासाठी अर्धं लिंबायत गाडीत बसून गावाला जातं. आठवडाभर आमच्या गल्लीत एका ओळीने कुलपं दिसतात. रात्रंदिवस खडखडणारे लूम दोन-तीन शेडमध्ये तरी थांबतात, आणि मग कानाला असं वाटतं की आपल्याच छातीत काहीतरी बंद पडलं आहे.

आणि बरोबर याच दिवसांत मोजणीवाले येतात. का, तर मोजणारे बहुतेक शाळेचे शिक्षक, आणि शिक्षकांना मोकळीक सुट्टीतच. ज्यांना मोजायचं ते गावाला. गावात कोणी मोजायला गेलं तर घरचे म्हणतात, पोरगा तर सुरतेला आहे. इथे उरलेले म्हणतात, आमचं नाव गावाला आहे, इथे कशाला लिहिता? नाव दोन ठिकाणी लागलं तर रेशन जाईल अशी धास्ती. असा माणूस दोन्हीकडून सुटतो. याच्यावर आम्ही हसायचो. मीही हसलो आहे. सरकारला चकवलं की गरिबाला जरा उंच झाल्यासारखं वाटतं.

यंदा मी गावाला गेलो नाही. सणाआधी गावच्या काकांना फोनवर विचारलं होतं, "आक्काच्या नावाची घागर भरू का?"

काका म्हणाले, "लग्न झालेल्या बहिणीची घागर माहेरी कशी भरशील? तिचे सासरचे भरतील."

"सासरच्यांनी? नवरा गेल्यावर त्यांनी तिला महिनाभर ठेवलं नाही काका."

"पण पितरांची यादी त्यांची ना बाबा. रीत आहे."

मी फोन आपटला. राग काकांचा नव्हता. यादी हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरायची ती आक्काच. विधवा होऊन ती सुरतेला आली तेव्हा मी लूमवर बारा तासांची पाळी करायचो. पत्र्याची एक पेटी, दोन लुगडी आणि माझ्यासाठी बांधून आणलेली आमच्याकडच्या दादर ज्वारीची भाकरी, एवढंच तिच्याजवळ होतं. पुढे मी लूम सोडलं, बाजारातून साड्यांची पोटली रिक्षात टाकून जॉबवर्क आणायला लागलो. व्यापाऱ्याची कोरी साडी आणायची, घराघरांत बायकांकडून तिच्यावर खडे, टिकल्या लावून घ्यायच्या, झटकून, घडी घालून परत करायची. पहिली पोटली आणली तेव्हा तिला हात लावणारी एकही बाई माझ्याजवळ नव्हती. आक्का होती. ती म्हणाली, "दाव, कसं करतस ते." मलाही कुठे येत होतं? दोघांनी मिळून पहिली साडी खराब केली. दुसरी तिने एकटीने केली, आणि ती व्यापाऱ्याने दुकानाच्या काचेत लावली.

आज माझ्याकडून साठ घरांत काम जातं. मी भाव करायला बसलो की मार्केटमधले मोठमोठे शेठ पंखा वाढवायला सांगतात. पण या सगळ्याच्या मुळाशी एका बाईची दोन बोटं आहेत. एका बोटाने गोंदाचा थेंब, दुसऱ्या हातात मेणाचं टोक लावलेली काडी, काडीच्या टोकाला खडा. थेंब, खडा, थेंब, खडा. डिझाइनकडे ती एकदाच बघायची. नंतर कपड्यावर बघत, माझ्याशी बोलत, कुकरच्या शिट्ट्या मोजत हात चालू.

त्या गोंदाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगता येणार नाही. आधी गोड वाटतो, सडायला आलेल्या केळ्यासारखा. मग तो नाकाच्या मागे जाऊन बसतो आणि जेवणालाही तोच वास येतो. पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याने गोंद बोटावरच सुकतो आणि खडे उडतात. खिडकी लावून घ्यायची, कारण गल्लीतली धूळ चिकटते. लग्नसराईचं काम ऐन वैशाखात, म्हणजे बंद खोली, बंद पंखा, बाहेर सुरतेचं ऊन, आणि मध्ये आक्का मांडीवर नवरीची साडी घेऊन बसलेली. घामाचा थेंब साडीवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायची. आखाजीला सगळ्या बायका माहेरी जायच्या. आक्काचं माहेर म्हणजे मीच, माझ्या घरातच माल पडलेला, तेव्हा ती जाणार कुठे?

त्या एका उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे. बाकी सगळे उन्हाळे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले, तो तेवढा वेगळा राहिला.

त्या साली धंद्यांची मोजणी आली होती. दुकानं, कारखाने, आणि घरात बसून माल करणारे सुद्धा लिहून घेणार, अशी बातमी. मार्केटमध्ये कोणी म्हणालं, यामागून इन्स्पेक्टर येतील. कोणी म्हणालं, घराचं लाईटबिल धंद्याच्या दराने लागेल. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही, पण मी ज्या तडफेने ते पुढे सांगितलं त्यावरून कोणालाही वाटलं असतं की मंत्री मला विचारूनच ठरवतात. गावाला न गेलेल्या माझ्याकडच्या बायकांना मी ओट्यावर गोळा केलं.

"मोजणीवाल्या बाई येतील," मी म्हणालो. "काय करता विचारलं तर एकच सांगायचं. काही करत नाही, घरी असते. माल पलंगाखाली ढकला. नाव लागलं की गावचं रेशन गेलंच समजा."

सुमनबाई म्हणून होती, अजून आहे, तिची जीभ ब्लेडसारखी. ती म्हणाली, "शेठ, काल तर तुम्ही म्हने, काम करतच नही, नुसत्या गप्पा मारतस. आज बी तेच सांगाले लावतस. मंग आमले मजुरी कसानी देतस?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "जास्त शहाणपणा करू नको, पुढची पोटली तुझ्या घरी येणार नाही." हसणं बंद झालं. भावात कधी आवाज चढवायचा आणि कधी उतरवायचा हे मला चांगलं कळतं.

आक्का दारात उभी राहून ऐकत होती. बायका गेल्यावर तिने विचारलं, "ती बाई नाव लिखी लेस का? आपलं? कामवालं?"

"हो. म्हणून तर."

"मन्हं लिखू दे ना रे भाऊ." ती इतकं हळू बोलली की मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. "मन्हं गावमा रेशन नही, काई नही. मन्हं काय जाईन?"

तिचं खरं होतं. सासरच्यांनी तिचं नाव केव्हाच कापलं होतं. तिचं जाण्यासारखं काहीच नव्हतं. जाण्यासारखं होतं ते माझं. मी म्हणालो, "तू वेडी आहेस का? माझ्याच घरात धंदा लिहिला तर पहिला मी सापडेन." आक्का माझ्याशी कधी वाद घालायची नाही. माझ्या स्वभावाचे एवढे लाड तिनेच केले.

दोन दिवसांनी दुपारी बाई आल्या. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या, मध्यम वयाच्या, उन्हाने चेहरा लाल झालेला, छत्री, पिशवी, पुठ्ठ्याला क्लिप लावलेले फॉर्म. मी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. आणि मग आतून आक्का बाहेर आली. तिने आखाजीसाठी ठेवलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. केस विंचरले होते. हात राखेने घासून घासून लाल केले होते, तरी नखांच्या कडेला गोंदाची पिवळी पापडी राहिलीच होती. कोपराजवळ एक खडा चिकटलेला होता आणि तिला तो दिसत नव्हता. ती फोटो काढायला बसावं तशी बाईंच्या समोर जमिनीवर बसली.

बाईंनी नाक आकसलं. "कसला वास हो?"

"दाराला रंग दिला," मी म्हणालो.

बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराला पाच वर्षांत रंग लागला नव्हता. त्यांनी पेन काढलं. फॉर्म भरायला लागल्या. माझं नाव, माझा धंदा. मी कपडे खरेदी-विक्री असं काहीतरी सांगितलं. हाताखाली कोणी? कोणी नाही. मग त्यांनी आक्काकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, त्या खड्याकडेही पाहिलं असणार, तो चमकत होता.

"तुम्ही काय करता, ताई?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं.

मी फक्त बघितलं. बाजारात समोरचा भाव सांगायच्या आधी आपण जसं बघतो, तसं.

"काहीच नही, बाई," आक्का म्हणाली. "घरमाच राहस मी."

बाईंचं पेन थोडं थांबलं. मग चाललं. त्या उठल्या, पाण्याबद्दल आभार मानले, शेजारच्या कुलूप लावलेल्या दारावर खडूने खूण केली आणि पुढे गेल्या. आक्काने आत जाऊन लुगडं बदललं. पलंगाखालून पोटली ओढली. पाच मिनिटांत खोलीत पुन्हा तो वास.

त्या दिवशी मी खूश होतो. गल्लीतल्या एकाही घरात धंदा लागला नाही. संध्याकाळी मी सगळ्यांना बर्फगोळा खाऊ घातला.

नंतर बऱ्याच वर्षांनी आक्काला खोकला लागला. आधी वैशाखापुरता, मग बारमाही. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, त्याच्यासमोर मोठी रांग. छातीला नळी लावत त्याने विचारलं, "काय काम करतात या?" मी म्हणालो, "घरी असते." त्याला आत काहीतरी वेगळं ऐकू येत असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं, "चूल वगैरे? धूर?" मी म्हणालो, "गॅस आहे." आक्का मान खाली घालून बसली होती. मी तेव्हा खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही, हे सांगितलं पाहिजे. तोपर्यंत ते उत्तर माझ्या तोंडात बसून गेलं होतं. कोणी विचारलं की आपोआप यायचं. तिला उचलून नेलं त्यानंतरही तेच. मृत्यूनोंदणीच्या खिडकीतला पोरगा मान वर न करता म्हणाला, "काका, धंधो शुं लखुं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "कंई नहीं."

यंदा आखाजीच्या आधी चार दिवस निकिताबेन आली. तीस-बत्तीसची, गळ्यात ओळखपत्र, आई धुळ्याकडची म्हणून मराठी स्वच्छ, मध्येच गुजराती. आकडेवारीच्या खात्याकडून आले म्हणाली. मी तिला दारातच घेतलं. मोजणीने माझ्या बहिणीला कसं फसवलं ते सगळं, मोठ्या आवाजात, आजूबाजूच्या कुलपांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी माणसं मोजत नाही. माणसं कुठे कुठे मोजलेली आहेत, ते मोजते."

"म्हणजे?"

तिने समजावलं. देशाचा आकडा काढायचा तर तो कशावरून काढायचा? जनगणना एक, घरोघरच्या पाहण्या दुसऱ्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, दवाखान्याचे कागद, लाईटचे ग्राहक, रेशन, दुकानांचे परवाने. अशा किती जागा आहेत, प्रत्येकीत कोण सापडतं, कोण सुटतं, माहिती किती जुनी, एक दुसरीशी जुळते का, हे ती तपासते. मला हे लगेच कळलं. मी म्हणालो, "म्हणजे तू कापडाच्या ताक्यातला माल तपासतेस. फ्रेश किती, सेकंड किती, चिंधी किती."

"तसंच," ती हसली. "आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत सगळा माल सेकंड निघतोय."

मला ती आवडली. मी तिला आत बसवलं आणि आक्काचे होते नव्हते ते कागद समोर टाकले. दवाखान्याचा केसपेपर, मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज, घराच्या जुन्या नोंदीचा उतारा जो मी वॉर्ड ऑफिसात खेटे घालून मिळवला होता. "बघ," मी म्हणालो, "एक नाही, तीन-तीन ठिकाणी लिहिलंय, काही नाही. इतके सगळे मिळून एका बाईला कसे फसवतात?"

ती बराच वेळ कागद बघत होती. मग तिने प्रत्येक कागदावर खाली एका ओळीशी बोट ठेवलं.

"काका, हे तीन साक्षीदार नाहीत. एकच माणूस तीन ठिकाणी बोललाय."

खाली लिहिलं होतं. माहिती देणारा: माझं नाव. नातं: भाऊ. दवाखान्याच्या केसपेपरवर, दाखल्याच्या अर्जावर. घराच्या नोंदीवर माझी सही. अक्षर ठसठशीत आहे माझं, लांबून ओळखू येतं.

मी चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. ती उठली नाही, हे तिचं मोठेपण. उलट म्हणाली, "एक सांगते. या वस्तीत बंद खोलीत किती बायका हा गोंद वापरतात, ते जर कुठेच लिहिलेलं नसेल, तर दवाखान्यात येणारा खोकला नुसता खोकला असतो. डॉक्टरला दुसरं काही दिसतच नाही. तो वाईट नव्हता, काका. त्याला कोणी सांगितलं नव्हतं."

मग मला वह्या आठवल्या. माझ्या जॉबवर्कच्या वह्या. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या, वर्षाला एक. कोणत्या बाईकडे कोणत्या तारखेला किती नग गेले, किती आले, कोणती डिझाइन, सगळं. मी उडी मारून माळ्यावर चढलो. माझ्या मनात अभिमान भरून आला होता, खोटं कशाला बोलू. सरकारकडे नाही ते माझ्याकडे आहे! या वस्तीतल्या बायका काम करतात याचा पुरावा साऱ्या देशात फक्त माझ्या माळ्यावर आहे! धुळीसकट आक्काच्या वेळच्या अठ्ठावीस वह्या मी तिच्यासमोर ओतल्या. निकिताबेनचे डोळे मोठे झाले. "काका, हे तर सोनं आहे," ती म्हणाली. मी तिथेच ठरवलं की वह्या द्यायच्या. इन्स्पेक्टर येऊ दे, बिल लागू दे, काय व्हायचं ते होऊ दे.

"आता आक्का शोध," मी म्हणालो. "पहिल्या पानापासून आहे ती."

तिने पहिली वही उघडली. सुमन, बारा नग. दुसरी एक बाई, आठ नग. तिसरी. पान उलटलं. ती शोधत होती आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. आक्का कुठेच नव्हती. मी वही हिसकावली. दुसरी वही, पाचवी, चौदावी. प्रत्येक पानावर सगळ्यांत वर एक ओळ होती, आणि ती माझ्या हाताने लिहिलेली होती, आणि सगळ्यांत जास्त नग तिच्याच पुढे होते.

घर.

घर, वीस नग. घर, चोवीस नग. लग्नसराईत घर, चाळीस नग.

आमच्याकडे असंच लिहितात. प्रत्येक जॉबवर्कवाल्याच्या वहीत बघा. बायको, आई, बहीण, सून, जी कोणी घरातली असेल तिचं काम म्हणजे घर. तिचं नाव कशाला लिहायचं? ती कुठे जाणार आहे?

"घर म्हणजे कोण?" निकिताबेनने विचारलं.

"आक्का."

"ते इथे लिहिलेलं नाही, काका." तिचा आवाज मऊ होता. "तुमची पत्नी असू शकते. तुम्ही स्वतः असू शकता. मला दुःख वाटतं, पण मी ते आक्का म्हणून धरू शकत नाही."

मी आयुष्यभर भाव केला आहे. शेवटच्या रुपयापर्यंत ताणला आहे, उठून गेल्याचं नाटक केलं आहे, देवाची शपथ घेतली आहे. त्या दिवशी मी त्या पोरीपुढे भाव करायला लागलो. अठ्ठावीस वर्षं जाऊ दे, दहा लिही. दहा नको, एक वर्ष लिही. एक साडी लिही. ती पहिली, काचेतली. ती रडली, पण तिने लिहिलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. माल जसा आहे तसाच लिहायचा, हेच तर तिचं काम.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणीच्या खिडकीवर गेलो. म्हणालो, बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीत धंदा चुकलाय, दुरुस्त करायचा आहे. पोरगा बदलला होता, खिडकी तीच. तो म्हणाला, पुरावा द्या. पगाराची चिठ्ठी किंवा मालकाचा दाखला.

"मालक मीच," मी म्हणालो.

त्याने मृत्यूच्या नोंदीचा अर्ज काढला. "पण इथे तर तुम्ही भाऊ आहात. आणि तुम्हीच लिहून दिलंय की त्या काही करत नव्हत्या."

"तेव्हा चुकलं."

"तुमच्या धंद्याचा परवाना दाखवा."

दाखवला. खरेदी-विक्रीच्या त्या परवान्यात एक रकाना आहे, कामगारांची संख्या. तिथे शून्य आहे. अक्षर माझंच. त्याने ते शून्य पेनाच्या टोकाने मला दाखवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी बाजूला झालो. पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही.

मग आखाजीच्या दिवशी मी घरीच घागर भरली. काकांची रीत गेली उडत. डांगर ठेवलं, आमरस ठेवला, आणि समोर बसलो तर म्हणायला काही सुचेना. गेलेल्या माणसाची क्षमा मागता येते असं म्हणतात. पण मी ज्याबद्दल क्षमा मागायची ते तर कुठे घडलेलंच नाही. कागदाप्रमाणे माझ्या घरात एक बाई होती, ती काही करत नव्हती, आणि एक दिवस गेली. सुमनबाई कधी दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. तिलाही आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. घागरीकडे बघून ती म्हणाली, "मोजनीवाला यी राहिनात म्हने, शेठ. आते काय सांगानं? सांगी ठेवा." मी म्हणालो, तुला काय सांगायचं ते सांग. ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी तिची थट्टा करत होतो.

म्हणून हे लिहिलं. मी फसवलं, हे कबूल. आता माझा एक प्रश्न आहे आणि तो मी मोठ्यानेच विचारणार. शाळेच्या बाईंनी वास घेतला होता, बोटं पाहिली होती. डॉक्टरने छातीत ऐकलं होतं, दोनदा विचारलं होतं. बाई समोर बसली होती, जिवंत, हिरवं लुगडं नेसून, लिहून घ्या म्हणून आलेली. तुम्ही तिला विचारलं, पण माझ्यासमोर विचारलं. तुमच्यापैकी एकालाही एवढं म्हणता आलं नाही का, की भाऊ, तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा, मला यांच्याशी बोलायचं आहे? दोन मिनिटं. माझ्यासारखे भाऊ या शहरात गल्लोगल्ली खुर्च्या टाकून बसले आहेत, आणि यंदाचे मोजणारेही त्यांच्यासमोरच बसून विचारत आहेत. त्यांना बाहेर काढायचं कोणी? याचा जबाब मला पाहिजे. पहिला मी देतो, वह्यांसकट, सहीसकट, माझं नाव लिहून घ्या. दुसरा कोण देणार, ते सांगा.